रक्तात साखर बेताची, लघवीत चार प्लस

या लेखातली रुग्ण म्हणजे कोणी एक बाई नाही. एकाच वाटेने आलेल्या अनेक जणींच्या हकिगती एकत्र करून ती उभी केली आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड व्हायला नको.

वय ५४. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह. खुर्चीत बसल्यावर पहिली दोन मिनिटं त्या गुडघेदुखीबद्दल बोलल्या. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, गुडघ्यांसाठी माझ्याकडे कोणी येत नाही, त्यामुळे मी थांबले. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आठ महिने झाले डॉक्टर, खाज जात नाही. रात्री झोप नाही. चारचौघांत बसवत नाही."

पिशवीतून फाइल निघाली. तिच्यात चार चिठ्ठ्या होत्या, चार वेगवेगळ्या ठिकाणच्या. औषधं भरपूर होती. पण आत पाहून तपासल्याची, पांढरं पाणी काचेवर घेऊन पाहिल्याची नोंद एकाही चिठ्ठीवर नव्हती.

आठ महिन्यांत काय काय झालं

पहिल्यांदा खाज सुटली तेव्हा त्यांनी औषधाच्या दुकानातून स्वतःच एक मलम आणलं. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र असलेलं. दोन दिवसांत हायसं वाटलं. असं मलम लावल्यावर वाटतंच, कारण स्टेरॉइडने लाली आणि खाज लगेच दबते. बुरशी मात्र तिथेच असते, आणि त्वचेची प्रतिकारशक्तीही स्टेरॉइडने दबलेली असते. तीन आठवड्यांत सगळं परत.

दुसऱ्या वेळी लघवी करताना जळजळ होते म्हणून सांगितलं, तर लघवीचा संसर्ग समजून पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, झालं नाही. इथे एक साधा प्रश्न विचारला असता तर पुढचे महिने वाचले असते: जळजळ आत होते, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की होते? मूत्राशयाच्या संसर्गात आत जळतं, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. यीस्ट म्हणजे बुरशीच्या संसर्गात योनीमुखाची त्वचा सोलवटलेली असते, तिच्यावरून लघवी गेली की जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं. यांचं दुसऱ्या प्रकारचं होतं. अँटिबायोटिकने योनीतले उपयोगी जिवाणू मेले, यीस्टला रान मोकळं मिळालं आणि त्रास दुप्पट झाला.

तिसऱ्या वेळी फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी. हे औषध बरोबर होतं. चार दिवसांत आराम पडला. पण त्यांनी सहज जाता जाता एक गोष्ट सांगितली, जी मी कागदावर अधोरेखित केली. गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी सगळ्यांनी ते पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं. या वयातल्या बाईची कुठलीही तक्रार त्या खात्यावर टाकता येते, ही तिची मोठीच गैरसोय आहे.

महिन्याभराने चौथी खेप. पुन्हा तीच गोळी, सोबत योनीत ठेवायच्या गोळ्या, आणि या वेळी नवऱ्यालाही औषध. नवऱ्याला काहीही त्रास नव्हता. पण त्या चिठ्ठीने घरात वेगळीच ठिणगी पडली. "यांना का द्यावं लागलं, डॉक्टर? हे बाहेरून आलंय का?" हा प्रश्न विचारताना त्या पहिल्यांदा रडल्या.

त्याचं उत्तर मी तपासणीच्या आधीच देऊन टाकलं. यीस्टचा संसर्ग लैंगिक आजारांत मोजत नाहीत. कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या आतड्यात आणि त्वचेवर असतेच. काहीही तक्रार नसलेल्या साधारण १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीतही ती सापडते. आयुष्यात एकदा तरी हा त्रास झालेल्या बायकांचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास धरतात. नवऱ्याला लाली, खाज अशी तक्रार असेल तर त्याच्यावर उपचार करायचे, नसेल तर त्याचा बायकोला फायदा होत नाही.

मधल्या काळात त्या स्वतःही स्वस्थ बसल्या नव्हत्या. दिवसातून तीन वेळा सुगंधी वॉश, वर जंतुनाशक घातलेलं पाणी. स्वच्छता कमी पडते म्हणूनच हे होतं, अशी त्यांची ठाम समजूत. जितकं धुतलं तितकी त्वचा कोरडी पडून फाटत गेली.

तपासणी

योनीमुख लालभडक आणि सुजलेलं. घड्यांमध्ये बारीक चिरा. मुख्य लालीच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके, हे यीस्टच्या ओळखीचं लक्षण. जांघेतली त्वचा पातळ झालेली, ती बहुधा स्टेरॉइडच्या मलमाची कृपा. आत फाटलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव, वास नाही.

पाळी गेलेल्या बाईला खाज असेल तर मी आणखी एका गोष्टीसाठी नीट उजेडात पाहते. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या आजारात त्वचा पांढरी, पातळ, चुरगळलेल्या कागदासारखी होते, योनीमुखाचा आकार हळूहळू बुजतो, आणि काही जणींत पुढे कर्करोगाची शक्यता असते. खाज तिथेही तशीच असते. न पाहता वर्षभर बुरशीची मलमं लावणाऱ्या बाईत तो राहून जातो. यांच्यात तसं काही नव्हतं.

आम्लता मोजणारी पीएचची पट्टी ५ दाखवत होती. पुस्तकात लिहिलंय की यीस्टमध्ये पीएच सहसा ४.५ च्या आत राहतो, आणि त्याहून जास्त असेल तर जिवाणूंच्या संसर्गाचा किंवा ट्रायकोमोनास या परजीवीचा विचार करा. पण हा नियम पाळी चालू असलेल्या बायकांचा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होतं, आम्ल तयार करणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटतात, आणि पीएच तसाही वर असतो. त्यामुळे इथे पट्टीवर फार विसंबता येत नव्हतं. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. कोंब फुटलेल्या गोल पेशी आणि फांद्यांसारखे लांब तंतू, दोन्ही दिसले. मिठाच्या पाण्यातल्या दुसऱ्या काचेवर ट्रायकोमोनास नव्हता.

तंतू दिसणं महत्त्वाचं. गोल पेशींच्या रूपात कॅन्डिडा बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. तंतू फुटले की ती पेशींच्या थरात घुसते आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते, जे शास्त्रज्ञांना २०१६ साली सापडलं. खाज आणि आग तिथून येते.

तरीही स्वॅब कल्चरला पाठवला. चार वेळा उलटलेल्या आजारात ते टाळायचं नाही, कारण दहातल्या आठ-नऊ वेळा आरोपी कॅन्डिडा आल्बिकन्स असली तरी उरलेल्या वेळी कॅन्डिडा ग्लॅब्राटासारखी मंडळी असतात, मधुमेहात तर जास्तच, आणि त्यांना फ्लुकोनॅझोलची फारशी पर्वा नसते. दुसरं म्हणजे नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या नजरेतून निम्म्या केसेस निसटू शकतात.

स्वतःच्या अंदाजाचं काय होतं तेही सांगते. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुकानातून स्वतःच यीस्टचं औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांना तपासलं, तेव्हा नुसता यीस्टचा संसर्ग फक्त एक तृतीयांश जणींना निघाला. बाकीच्यांत जिवाणूंचा संसर्ग होता, मिश्र संसर्ग होता, आणि काही जणींना तर कुठलाच संसर्ग नव्हता. आमच्या या बाईंचा अंदाज मात्र खरा होता. त्यांना यीस्टच होतं. अडचण दुसरीच होती.

मला अडलेली गोष्ट

यीस्टला इस्ट्रोजेन मानवतं. म्हणून ती गरोदरपणात वाढते आणि पाळी गेल्यावर सहसा मागे हटते. चार वर्षांपूर्वी पाळी गेलेली, हार्मोनचं कुठलंही औषध न घेणारी बाई आठ महिन्यांत चार वेळा आजारी पडते, तेव्हा तिला आणखी कडक औषध देण्याआधी बुरशीला कोण पोसतंय ते बघावं लागतं.

उघड उत्तर मधुमेह. पण एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारा आकडा, ६.९ होता. चांगला. वर्षभरापूर्वी तो ८.६ होता. साखर सुटलेली असताना काही त्रास नाही आणि साखर आटोक्यात आल्यावर त्रास, हे उलटंच झालं.

मग फाइलच्या तळाशी एक लघवीचा रिपोर्ट सापडला. त्याच दिवशीची उपाशीपोटी रक्तशर्करा ११८. लघवीत साखर: चार प्लस, म्हणजे भरपूर.

मूत्रपिंडातून गाळली गेलेली साखर शरीर जवळजवळ सगळी परत शोषून घेतं. रक्तातली पातळी साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत सांडते. ११८ असताना चार प्लस येतं याचा अर्थ ती शोषण्याची वाटच कोणीतरी अडवली आहे. मी विचारलं, "साखरेची कुठली गोळी नवी लागली होती का?"

लागली होती. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड जुन्याच. नऊ महिन्यांपूर्वी त्यात डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम वाढलं. पहिली खाज त्यानंतर पाच आठवड्यांनी.

या गटातली औषधं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, मूत्रपिंडातलं एसजीएलटी२ नावाचं साखर परत ओढणारं प्रथिन अडवतात. मूळ कल्पना जुनी आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा काढला गेला, आणि तो दिला की लघवीत साखर उतरते हे पुढे त्याच शतकात लक्षात आलं. आजची औषधं त्याचीच सुधारलेली भावंडं. मधुमेहात त्यांनी दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज लघवीतून जातं. रक्त साफ होतं, वजन थोडं उतरतं, हृदयाला आणि मूत्रपिंडाला आधार मिळतो. पण प्रत्येक लघवीनंतर त्या साखरेचा अंश बाहेरच्या घड्यांमध्ये राहतो आणि यीस्टची पंगत बसते. ही औषधं घेणाऱ्यांत जननेंद्रियांच्या बुरशीचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या तीन ते पाच पट असतं. बायकांत जास्त, पुरुषांतही शिश्नाच्या टोकाला लाली आणि खाज येते, आणि तेही बरेच दिवस कोणाला सांगत नाहीत.

हा दुष्परिणाम गुपित नाही, औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. फक्त औषध देणारा मधुमेहाचा डॉक्टर "खालची" तक्रार विचारत नाही आणि खालची तक्रार पाहणारे आम्ही साखरेच्या गोळ्यांची नावं विचारत नाही. बाई दोन खोल्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये अडकून पडते.

आणि तो घाम, ती थरथर? ती साखर उतरल्याची लक्षणं होती. फ्लुकोनॅझोल यकृतातलं जे एन्झाइम अडवतं, त्याच एन्झाइमने ग्लिमेपिराइड शरीरातून निघून जातं. एक बंद पडलं की दुसरं साचतं आणि साखर खाली आणतं. फ्लुकोनॅझोल निम्मं उतरायलाच सुमारे ३० तास लागतात, म्हणून गडबड दुसऱ्या दिवशी झाली. पाळी जाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

फोनवरचा वाद

मी त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला. माझं म्हणणं सरळ होतं: औषध बंद करा. त्यांचं उत्तरही सरळ होतं. बाईंच्या लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंडाला इजा झाल्याचं दाखवणारं प्रथिन, जात होतं, ते या औषधावर २४० वरून ११० वर आलं होतं. "मूत्रपिंड वाचतंय, मॅडम. खाजेसाठी ते सोडू?"

"खाजेसाठी" या शब्दाचा मला राग आला, हे कबूल करते. आठ महिने झोप नसणं, नवऱ्यावर संशय घेणं, कातडी फाटणं हे सगळं त्या एका शब्दात बसत नाही. पण आकडे त्यांच्या बाजूने होते, आणि आज खाज नसलेली बाई दहा वर्षांनी डायलिसिसवर असेल तर मी तिचं भलं केलं असंही म्हणता येणार नाही. सल्ल्यानुसार एखाद-दुसऱ्या साध्या संसर्गासाठी हे औषध बंद करत नाहीत, संसर्गावर उपचार करतात. पण तो वारंवार होत असेल तर फेरविचार करतात. आम्ही दोघांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि ठरवलं: सहा आठवडे औषधाला सुट्टी, तेवढ्यात बुरशी पूर्ण आटोक्यात आणायची, आणि मग त्याच ठरवतील.

औषध असं दिलं. फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. एका गोळीवर भागवण्याची वेळ गेली होती. ग्लिमेपिराइड त्यांच्या डॉक्टरांनी निम्मं केलं आणि घरी रोज दोनदा साखर पाहायला सांगितलं. बाहेरून क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम, स्टेरॉइड नसलेलं. वॉश आणि जंतुनाशक बंद. साधं पाणी, तेही हलक्या हाताने, मग टिपून कोरडं. आतून धुणं तर कधीच नाही. मलमातल्या तेलाने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होतो, हेही मी सवयीने सांगितलं. त्यांना हसू आलं. आठ महिन्यांत त्या विषयाची गरजच पडली नव्हती, म्हणाल्या.

एवढं वाचून कोणी तीन गोळ्यांचा डोस स्वतःवर आजमावू नये म्हणून सांगते: गरोदरपणात फ्लुकोनॅझोलची गोळी टाळतात, तिथे फक्त योनीत ठेवायची औषधं सात दिवस देतात. रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं यांच्याबरोबरही तिचं जमत नाही.

कल्चरचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. कॅन्डिडा आल्बिकन्स, फ्लुकोनॅझोलला दबणारी. मला हायसं वाटलं. ग्लॅब्राटा निघाली असती तर ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल योनीत तीन आठवडे ठेवाव्या लागल्या असत्या. त्या गुणकारी असतात, पण चुकून तोंडाने गिळल्या तर जिवावर बेततं, आणि गरोदरपणात त्या वर्ज्यच.

पुढे

दहाव्या दिवशी लाली ओसरली, चिरा भरल्या. सहा आठवड्यांत एकदाही खाज नाही. पण उपाशीपोटीची साखर १५० च्या पुढे सरकली. मी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: डापाग्लिफ्लोझिन सोडून दुसरं औषध घ्यायचं, किंवा तेच परत सुरू करून सहा महिने दर आठवड्याला फ्लुकोनॅझोलची एक गोळी घ्यायची.

दुसऱ्या वाटेमागे २००४ सालचा एक मोठा अभ्यास आहे. वारंवार यीस्ट होणाऱ्या ३८७ स्त्रियांवरचा. सहा महिने साप्ताहिक गोळी घेणाऱ्यांत ९०.८ टक्के जणी त्या काळात आजारमुक्त राहिल्या. खोटी गोळी घेणाऱ्यांत ३५.९ टक्के. पण हे ऐकवताना पुढचा आकडा गाळायचा नसतो. वर्ष पूर्ण झालं तेव्हा गोळीच्या गटात ४२.९ टक्केच आजारमुक्त उरल्या होत्या. गोळी थांबली की निम्म्याहून जास्त जणींना कधी ना कधी परत त्रास होतो. आणि त्या अभ्यासातल्या बायका आमच्या बाईंसारख्या रोज साखर सांडणाऱ्या नव्हत्या. मी म्हटलं, खात्री देता येणार नाही.

त्यांनी दुसरी वाट घेतली. "माझ्या आईची मूत्रपिंडं गेली होती," एवढंच कारण दिलं. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झालं, कारण दर आठवड्याला तो घाम कोणालाच नको होता. यकृताची तपासणी एकदा करून घेतली. आणि एक ताकीद मी कागदावर लिहून दिली: ताप, जननेंद्रियांच्या किंवा गुदद्वाराच्या भागात असह्य दुखणं, झपाट्याने वाढणारी सूज असं काही दिसलं तर माझी वाट न पाहता सरळ तातडीच्या विभागात जायचं. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या औषधांवर तिथल्या ऊती सडवणारा फार विरळा पण जीवघेणा जिवाणूसंसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली त्याबद्दल इशारा दिला आहे. तो यीस्ट नव्हे, पण सुरुवातीला बाई त्याला यीस्टच समजेल.

चौथ्या महिन्यात प्रवासात दोन गोळ्या चुकल्या आणि खाज आली. त्या दुकानात गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. कल्चर पुन्हा केलं. बुरशी तीच, अजूनही औषधाला दबणारी. सहा महिने संपल्यावर तिसऱ्या महिन्यात आणखी एकदा त्रास झाला, तीन गोळ्यांत मिटला. अल्ब्युमिन आता ७० वर आहे.

गेल्या भेटीत नवरा पहिल्यांदाच आत आला होता. तिघं मिळून लघवीचा ताजा रिपोर्ट पाहत होतो. साखरेच्या रकान्यात तेच चार प्लस. तो दचकून माझ्याकडे पाहायला लागला, तर बाईच म्हणाल्या, "अहो, ते असंच येणार. गोळी चालू आहे ना."